‘एथ्निक स्टडीज’चा तास: नववीत काय शिकवावं, कसं शिकवावं, कुठे बिघडतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहतो. मुलगी यंदा नववीत गेली आणि तिला एका सेमिस्टरसाठी ‘एथ्निक स्टडीज’ हा विषय लागला आहे. चौदा वर्षांच्या मुलांना वंश, वर्ण वगैरे शिकवून नेमकं काय साधतं? मुलं एकमेकांकडे संशयाने बघायला लागणार नाहीत का? आणि यात आपल्या मुलांचं काय?

तिन्ही शंका रास्त आहेत. उत्तर लांबेल, कारण या विषयाची सगळी किंमत तो कसा शिकवला जातो यावर ठरते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत ‘वंश’ म्हटलं की वंशावळ, वंशाचा दिवा, रक्ताची ओळ असं काही मनात येतं. अमेरिकेतली ‘रेस’ म्हणजे ते नव्हे. ती कायद्याने, जनगणनेने आणि घरांच्या खरेदीखतांनी पाडलेली वर्गवारी आहे, आणि सोयीप्रमाणे ती बदलत आली आहे. ‘एथ्निसिटी’ म्हणजे भाषा, खाणंपिणं, देवधर्म आणि स्थलांतराच्या आठवणी यांनी बांधला गेलेला समूह. तुमची मुलगी मराठी आहे ही तिची एथ्निसिटी. शाळेच्या फॉर्मवर ती ‘एशियन’ या चौकटीवर खूण करते ती रेस, आणि त्याच चौकटीत तिच्या वर्गातला कोरियन मुलगाही बसतो. १९३० आणि १९४० च्या अमेरिकी जनगणनेत भारतीय माणसाची रेस ‘हिंदू’ अशी लिहिली जाई, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा वेगळा रकाना आला. युबा सिटीच्या पीचबागांत जन्म काढलेला एखादा पंजाबी शेतकरी एकाच आयुष्यात या तिन्ही रकान्यांत बसला असेल. तो होता तसाच राहिला, रकाने बदलले. मुलांना हे एवढं नीट समजलं तरी अर्धा विषय समजला.

हा विषय जन्मला विद्यापीठात, आणि तोही संपातून. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ ला ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या विद्यार्थी संघटनांनी पुकारलेला संप २० मार्च १९६९ पर्यंत चालला, आणि त्यातून तिथे एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. कृष्णवर्णीय, चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकी)-लॅटिनो, मूळ अमेरिकी आणि आशियाई-पॅसिफिक या चार समूहांचा इतिहास हा तेव्हापासून विषयाचा कणा आहे. शाळांपर्यंत पोचायला त्याला अर्धशतक लागलं. कॅलिफोर्नियाने शाळांसाठी केलेल्या नमुना अभ्यासक्रमाच्या २०१९ च्या पहिल्या मसुद्यावर ज्यू, आर्मेनियन, शीख, हिंदू अशा अनेक समाजांनी हरकती घेतल्या. विषय सक्तीचा करणाऱ्या विधेयकावर २०२० मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. बऱ्याच दुरुस्त्यांनंतर मार्च २०२१ मध्ये नमुना अभ्यासक्रम मंजूर झाला (त्यात भारतीय अमेरिकनांवरही एक पाठ आहे) आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘एबी १०१’ या कायद्यावर सही झाली. २०२५-२६ पासून प्रत्येक पब्लिक (सरकारी) हायस्कूलने किमान एका सेमिस्टरचा हा विषय उपलब्ध करायचा आणि २०२९-३० च्या बॅचपासून तो उत्तीर्ण व्हायला सक्तीचा, असं कायदा म्हणतो. पण राज्याने त्यासाठी पैसे मंजूर केले तरच, अशी अट त्याच कायद्यात आहे, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ते पैसे आले नाहीत. म्हणून सध्या विषय ठेवायचा की नाही हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट आपापलं ठरवतं. तुमच्या डिस्ट्रिक्टने तो ठेवला आहे, म्हणजे अभ्यासक्रमही बहुधा तिथल्याच लोकांनी बांधला आहे. डिस्ट्रिक्टने स्वतः बांधलेला अभ्यासक्रम एका जाहीर बैठकीत मांडल्यावर दुसऱ्या जाहीर बैठकीतच मंजूर करता येतो, असंही हा कायदा सांगतो. या बैठकांची टिपणं पालकांना वाचायला मिळतात. जरूर वाचा.

आता उपयोगाबद्दल. सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांचा. तिथे २०१०-११ पासून पाच हायस्कुलांत हा विषय प्रायोगिक पातळीवर सुरू झाला. त्यांतल्या काही शाळांत आठवीच्या गुणांची सरासरी (जीपीए) ४ पैकी २.० च्या खाली असलेल्या मुलांना तो आपोआप लावला जाई, नको असेल तर बाहेर पडता येई. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २.० च्या रेषेच्या जरा खालची आणि जरा वरची मुलं शेजारी ठेवून पाहिली. विषय घेतलेल्या मुलांची हजेरी २१ टक्के-बिंदूंनी वाढली, सरासरी १.४ ने वर गेली आणि क्रेडिट २३ ने वाढले. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात याच मुलांचं हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. हे आकडे मोठे आहेत, म्हणूनच ते जपून वापरायला हवेत. ते शाळेतून गळण्याच्या काठावर उभ्या असलेल्या मुलांचे आहेत, संख्या लहान आहे, शिकवणारे शिक्षक तयारीचे होते, आणि काही अभ्यासकांनी या पद्धतीवर जाहीर आक्षेपही घेतले आहेत. आधीच ३.८ घेणाऱ्या मुलीचे गुण याने वाढतील, असं यातून निघत नाही. निघतं ते इतकं: ज्या मुलाला शाळा आपली वाटत नाही, त्याला पुस्तकात आपल्या माणसांचा गंभीर अभ्यास दिसला तर तो वर्गात येऊन बसतो. मला हे पुरेसं मोलाचं वाटतं.

ॲरिझोनातल्या टूसॉनचं उदाहरणही माहीत असावं. तिथला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम राज्याने २०१० मध्ये केलेल्या कायद्यामुळे, अनुदान कापण्याच्या धाकाने, जानेवारी २०१२ मध्ये बंद पडला. पुस्तकं वर्गांतून उचलून नेली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने ही बंदी वांशिक आकसातून झाल्याचं म्हटलं. निकाल देणारे न्यायाधीश वॉलेस ताशिमा लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जपानी वंशाच्या कुटुंबांसाठी त्याच ॲरिझोनात उघडलेल्या पोस्टनच्या छावणीत राहिले होते.

चांगला तास कसा दिसतो, ते एका पाठावरून सांगतो. पाठ आपल्या मुलांच्या जवळचा आहे: ‘गोरा कोण?’ पन्नास मिनिटांचे चार तास लागतात.

पहिल्या दिवशी फक्त एक वाक्य. १७९० च्या नागरिकत्व कायद्यातलं ‘मुक्त गोरी व्यक्ती’ हे शब्द असलेलं. मुलांनी ते वहीत उतरवायचं, ‘गोरी’ या शब्दाखाली रेघ मारायची आणि शेजारच्याबरोबर ठरवायचं: अर्ज घेऊन आलेल्या माणसाला कारकून कशावरून गोरा ठरवेल? कातडी, धर्म, जन्मगाव, आडनाव, सगळी उत्तरं फळ्यावर. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना हा हक्क मिळाला, हे तास संपताना सांगायचं. मग मुलंच विचारतात, “पण मधल्या लोकांचं काय?” दुसऱ्या दिवसाची सुरुवात तिथून.

दुसऱ्या दिवशी दोन निकाल शेजारी शेजारी, प्रत्येकी दीडशे ते दोनशे शब्दांचा उतारा, त्याहून मोठा नको. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या जपानी ताकाओ ओझावांना सांगितलं: तुमची कातडी उजळ असली तरी गोरा म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या मानववंशशास्त्रातला एक वंशगट), आणि तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, अमृतसरचे भगतसिंग थिंड याच न्यायालयापुढे होते. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे आपण कॉकेशियन आहोत, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. न्यायाधीश तेच, कायदा तोच, आणि कसोटी उलटी. मुलांनी दोन रकाने पाडून दोन्ही कसोट्या लिहायच्या आणि कुठला शब्द कुठे बदलला ते बोट ठेवून दाखवायचं. गट चार जणांचा, वेळ बारा मिनिटं. अवघड शब्दांची आठेक शब्दांची यादी आधीच हातात द्यावी, नाहीतर अर्धा तास शब्दार्थांत जातो.

तिसरा दिवस सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात मोलाचा. थिंड यांच्या बाजूने दिलेल्या लेखी युक्तिवादातला तुकडा वाचायचा. उच्चवर्णीय हिंदू हा भारतातल्या आदिवासींकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत, अमेरिकी गोरा निग्रोकडे बघतो तसाच बघतो, असा त्याचा आशय. म्हणजे अन्याय झालेला माणूस दुसऱ्या अन्यायाची साक्ष काढून आत शिरू बघतो. वर्ग इथे एकदम शांत होतो. घाईने निष्कर्ष सांगणारा शिक्षक हा क्षण वाया घालवतो. दोन मिनिटं गप्प बसून लिहायला सांगावं: हा युक्तिवाद का केला असेल, आणि तो जिंकला असता तर कोण बाहेर राहिलं असतं?

चौथ्या दिवशी परिणाम. थिंड निकालानंतर सरकारने अनेक भारतीयांचं आधी दिलेलं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून मराठी वाचक थबकेलच. ते लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत, १९१४ मध्ये नागरिक झाले होते, आणि आता खुद्द त्यांच्यावरच सरकारने खटला भरला. पंडितांनी वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. एका न्यायालयाने रीतसर दिलेला निर्णय सरकारने तेव्हा आव्हान न देता मान्य केला, त्यावर विसंबून मी व्यवसाय उभा केला, संसार मांडला, आता तो उकरता येणार नाही, अशी मांडणी केली. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ती मानली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि सरकारची ही मोहीम थंडावली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला १९४६ च्या कायद्याने, तोही वर्षाला शंभर स्थलांतरितांच्या कोट्यासह. शेवटची वीस मिनिटं लेखनाला: ‘गोरा’ शब्दाचा अर्थ कोणी, केव्हा, कशासाठी बदलला, दोन पुराव्यांसह एक परिच्छेद.

आता संशयाचा मुद्दा. मुलं एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघतील की नाही, हे बऱ्याच अंशी वाक्याच्या कर्त्यावर ठरतं. ‘गोऱ्यांनी जमिनी बळकावल्या’ असं लिहिलं की वर्गातला गोरा मुलगा आरोपी होतो. ‘जमिनी बळकावल्या गेल्या’ या कर्मणी प्रयोगात कोणीच सापडत नाही. ‘कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९१३ मध्ये नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घ्यायला बंदी केली’ हे वाक्य खरं आहे, नेमकं आहे, आणि शेजारच्या बाकावरच्या कोणावरही येत नाही. कर्ता नेमका लिहा, हा नियम पहिल्या आठवड्यापासून पाळला तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मुलांना एका रेषेत उभं करून ‘तुमचं घर स्वतःचं असेल तर एक पाऊल पुढे’ वगैरे सांगणं. मागे राहिलेल्या मुलाची गरिबी सगळ्यांसमोर उघडी पडते आणि पुढच्याला काय करावं कळत नाही. गुलामांच्या लिलावाचं नाटक वर्गात करणं तर सरळ इजा करणं आहे. त्याऐवजी ओकलंडचा १९३० च्या दशकातला गृहकर्जाचा नकाशा द्यावा. संघीय संस्थेने त्यात वस्त्यांना कर्जाच्या जोखमीनुसार ए ते डी अशा श्रेणी देऊन चार रंगांत रंगवलं, ‘डी’ला लाल. हे नकाशे फुकट उपलब्ध आहेत. मुलं आपली गल्ली शोधतात, शेऱ्याच्या कागदावर कोणत्या लोकांच्या ‘शिरकावा’ची नोंद आहे ते वाचतात, आणि कोणालाही स्वतःच्या घराबद्दल बोलावं लागत नाही.

दुसरी चूक उलट टोकाची: खाऊ, पोशाख, सण. दिवाळीला लाडू आले, समोसे वाटले, झाला विषय. तिसरी, नुसती अत्याचारांची जंत्री. आठ आठवडे फक्त मार खाल्लेली माणसं बघून मूल खचतं. प्रत्येक बंदीच्या कायद्याबरोबर त्याच्याशी लढलेल्यांचा एक तरी कागद हवा. डेलानोच्या द्राक्षमळ्यांत ८ सप्टेंबर १९६५ ला संप सुरू केला तो लॅरी इटलियाँग यांच्या बरोबरच्या फिलिपिनो मजुरांनी, आणि आठवड्याभरात सीझर चावेझ यांचे मेक्सिकन कामगार त्यांना मिळाले. दोन समूह एकत्र कसे आले, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही. चौथी चूक शाळेच्या व्यवस्थेची: इतिहासाच्या किंवा भाषेच्या शिक्षकाला वेळापत्रक लागल्यावर कळतं की हा विषय आपल्याकडे आहे. तयारी नसलेला शिक्षक बाहेरून तयार पाठ आणतो, त्यात एखाद्या चालू संघर्षाची एकच बाजू असते, आणि प्रकरण कोर्टापर्यंत जातं.

आणि एक चूक तुमच्या मुलीला थेट भोगावी लागेल: जातीचा विषय निघाला की वर्गातल्या एकट्या भारतीय मुलीकडे वळून “तू सांग” म्हणणं. मुलाला त्याची जात वर्गात विचारायची नाही, कोणत्याही निमित्ताने नाही. जातीवर बोलूच नये, असा आग्रह काही पालक धरतात. तो मला पटत नाही. बे एरियात दलित कुटुंबंही राहतात, त्यांची मुलंही याच वर्गांत आहेत, आणि त्यांच्या आजोबांचा इतिहास पुस्तकातून वगळायला सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. चूक होते ती जात ही एखाद्या धर्माची उपजत खूण म्हणून एका पानात उरकण्यात. ती शिकवावी जशी अमेरिकेतली रेस शिकवतात तशी: कोणी बांधली, कशावर टिकली, कोण लढलं. इथे मराठी माणसाकडे देण्यासारखं खूप आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिच्या नावातच ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची आठवण आहे. ओकलंड तुमच्यापासून गाडीने जाण्याइतकं जवळ. एवढे दुवे हातात असताना शिक्षकाने जातीवर आयतं चित्र चिकटवून पुढे जावं, याचं वाईट वाटतं. हे संदर्भ शिक्षकाला एका पानात लिहून द्या, तक्रार म्हणून नव्हे, सामग्री म्हणून. बहुतेक शिक्षक ते आनंदाने घेतात.

घरी काय कराल? बहुतेक वर्गांत ‘कुटुंबाचा स्थलांतराचा इतिहास’ असं काम येतं. मुलगी आईबाबांचा एच-वन-बी व्हिसा आणि विमानाचं तिकीट लिहून मोकळी होईल. तिला आजीकडे पाठवा, व्हिडिओ कॉलवर का होईना. अर्धा तास पुरतो, फोनवर ध्वनिमुद्रण करावं, आधी आजीला विचारून. ‘तुला तेव्हा कसं वाटलं?’ या प्रश्नाला आजी “काय वाटायचंय, चाललं होतं” म्हणून गप्प बसते. ‘पहिल्यांदा मुंबईत आलीस तेव्हा कोणाकडे उतरलीस? खोलीत किती माणसं होती? पाणी किती वाजता यायचं?’ असं विचारलं की कोकणातून गिरणगावात आलेलं अख्खं बिऱ्हाड बाहेर पडतं. अमेरिकेला येणं हे घराण्यातलं दुसरं किंवा तिसरं स्थलांतर आहे, हे मुलीला तिथे कळतं. मजकूर आधी मराठीत उतरवावा, मग इंग्रजी करावं, आणि ‘बिऱ्हाड’, ‘चाळ’, ‘गाववाले’ हे शब्द तसेच ठेवून खाली अर्थ द्यावा. नातेवाइकांची व्हिसाची स्थिती, पगार आणि पत्ता मात्र शाळेत द्यायच्या कागदावर लिहू नये, शिक्षकाने मागितलं तरी.

शाळेला विचारायचं ते असं: सेमिस्टरचा आठवडावार आराखडा मिळेल का, मूळ कागदपत्रं कोणती वाचली जातात, चार समूहांना प्रत्येकी किती आठवडे आहेत, गुण मतावर मिळतात की पुराव्याच्या वापरावर. शेवटच्या प्रश्नाला शिक्षकाने गुणदानाचा तक्ता काढून दाखवला तर निर्धास्त राहा. त्याखेरीज शाळेच्या कौन्सेलरकडून (मार्गदर्शकाकडून) हा तास विद्यापीठ प्रवेशाच्या ‘ए-जी’ यादीत मंजूर आहे का, आणि असेल तर इतिहासात धरला जातो की ऐच्छिक विषयात, एवढं लेखी घ्या. सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत विचारलेलं बरं, त्यानंतर वेळापत्रक बदलायला शाळा सहसा तयार होत नाही.